बिनदाराची खोली

९ जानेवारी

ताई,

धुळीने माखलेला नमस्कार. कागद भुरकट दिसतोय म्हणून जुना समजू नका, कालच आणलाय. फोन करावा म्हटलं तर मी ‘हॅलो’ म्हणायला आणि ड्रिल मशीन सुरू व्हायला एकच गाठ पडते. परवा तुम्ही ‘आप्पा कसे आहेत’ विचारलंत आणि मी ‘फोडून टाकलं’ म्हणाले, ते आमच्या बाथरूमबद्दल होतं. म्हणून आता पत्रच.

तुम्ही सांगितलं होतंत की घराचं काम चालू असताना त्या घरात राहू नका. पण तुमचे बंधुराज म्हणाले, ‘समोर उभं राहिल्याशिवाय काम नीट होत नाही.’ आता ते रोज ऑफिसला जातात आणि समोर उभी मी राहते.

स्वयंपाकघर हॉलमध्ये आलंय. फ्रिज सोफ्याला खेटून असा बसलाय, जसा लांबचा पाहुणा जायचं नाव घेत नाही. गॅसची शेगडी टीव्हीच्या टेबलावर, टीव्ही पलंगाखाली. काल तासभर मीठ शोधलं, ते चपलांच्या कपाटात निघालं. कोणी ठेवलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, मग आठवलं, मीच ठेवलं होतं.

कॉन्ट्रॅक्टरचं नाव आम्ही ‘होऊन जाईल’ ठेवलंय. काहीही विचारा, मान डोलावून तेच म्हणतो. काय होऊन जाईल ते सांगत नाही.

आप्पा मजेत. त्यांच्या खोलीला हात लावलेला नाही, आणि घरात चालू असलेलं एकुलतं एक बाथरूम त्यांच्याच खोलीत आहे, त्यामुळे सध्या त्यांचा भाव वधारलाय. फक्त टाइल्सच्या रंगावरून आमच्या दोघांत जुंपली की ‘आप्पा, तुम्हीच सांगा’ म्हणून आम्ही त्यांच्याकडे धावतो. ते शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात टाकतात.

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. अक्षर सुधार. धूळ पडली म्हणून वेलांट्या उलट्या होत नाहीत.

तुम्ही दोघं फ्रिजच्या मांडीवर बसून जेवा, मला काही म्हणायचं नाही. पण आप्पांचं काय? सगळी हयात कोर्टाच्या फायलींची धूळ खाल्ली त्यांनी, आता म्हातारपणी सिमेंटची खायची का? त्यांना मी इकडे घेऊन येते. आमची वरची खोली रिकामीच आहे. नवे पडदे लावून घेतलेत. समोर नुसती झाडं, दिवसभर माणसाचा आवाज नाही. या वयात दुसरं काय लागतं?

बाळ्याला सांग, मी मोठी बहीण म्हणून सांगतेय, मुख्याध्यापिका म्हणून नाही. दोन्ही एकच असलं तरी.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. इकडे थोडी गडबड होती.

आप्पांच्या धुळीची काळजी अगदी सोडा. घरातली धूळ आता त्यांच्या खोलीत जाऊच शकत नाही, तशी पक्की व्यवस्था झाली आहे. ते पूर्ण विश्रांती घेतात. हॉलमध्ये अजिबात येत नाहीत. जेवण, चहा, वर्तमानपत्र, सगळं खोलीत पोचतं.

टाइल्सचं भांडण मिटलं. यांना पांढऱ्या हव्या होत्या, मला शेवाळी, आणि होऊन जाईलने तपकिरी लावून टाकल्या. आम्ही दोघं एक होऊन त्याच्यावर तुटून पडलो. लग्नानंतर इतकं एकमत प्रथमच झालं.

तुम्ही मात्र इतक्यात येऊ नका. बसायला जागा नाही. उभं राहायलाही नंबर लावावा लागेल.

तुमची,
वहिनी


८ फेब्रुवारी

प्रिय आप्पा,

वहिनीचं पत्र आलं. तुम्ही खोलीतून बाहेर येत नाही, ताट आत पोचवलं जातं, असं ती मोठ्या कौतुकाने लिहिते. मला ते वाचून घास उतरेना. तुम्ही आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसत नाही? कोणी काही बोललं का? बाळ्या आवाज चढवतो का?

मुलगी म्हणून विचारते, खरं खरं कळवा. काही लपवू नका.

तुमची,
चिमणी


१३ फेब्रुवारी

चिमणे,

खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांकडून हे वाक्य म्हणवून घेतलं, आज स्वतः म्हणायची वेळ आली.

माझ्या खोलीला आता दार उरलेलं नाही.

त्याचं असं झालं. नव्या स्वयंपाकघराचा ओटा माझ्या दाराच्या भिंतीला लागून येणार, म्हणून ते दार बुजवायचं आणि हॉलच्या बाजूने नवं पाडायचं ठरलं होतं. दोन्ही गोष्टी बरोबर. आधी कोणती करायची, एवढंच कोणी गवंड्याला सांगितलं नाही. मी दुपारी जेवून, कानातलं यंत्र काढून आडवा झालो. सूनबाई टाइल्सच्या दुकानात होती. उठलो, यंत्र कानात घातलं, चहाच्या आशेने निघालो, तर नाकासमोर ओल्या विटा.

मी भिंतीवर टकटक केलं. पलीकडून गवंडी म्हणाला, ‘कोण?’

‘मी.’

‘कुठून बोलताय?’

‘आतून.’

मग थापी खाली पडल्याचा आवाज आला.

सूनबाई परत आली तेव्हा ओट्याचा दगडही चढवून झाला होता. तिने रडून गोंधळ घातला, म्हणाली आत्ताच्या आत्ता फोडा. ठेकेदार म्हणाला, उद्या सकाळी नवं दार पाडतो, एका दिवसाचा तर प्रश्न, होऊन जाईल. सकाळी हॉलकडची भिंत उकरली तर आत काँक्रीटचा खांब. इंजिनिअर आला, त्याने खांबावर हात फिरवला आणि म्हणाला, याला छिन्नी लावलीत तर छप्पर खाली येईल. तेव्हापासून मी असा आहे.

काळजी नसावी. गल्लीकडच्या खिडकीचे गज रंगवायला काढलेलेच होते, त्यामुळे ये-जा तिथून होते. बाहेर एक स्टूल ठेवलं आहे. सकाळी तुझा भाऊ खिडकीतून येतो, आंघोळ करतो आणि खिडकीतून जातो. मग सूनबाई. मग गवंडी हातपाय धुवायला येतो. तो मान वर करून बघत नाही.

दिवसभर खिडकीत माणसं असतात. कोपऱ्यावरचा शिंपी, दोन घरं सोडून राहणाऱ्या नर्सबाई, एक निवृत्त बसड्रायव्हर. नर्सबाई कामावर जाताना माझा हात बाहेर ओढून रक्तदाब बघतात. ड्रायव्हर खिडकीच्या कठड्यावर बुद्धिबळाचा पट मांडतो. तो गल्लीत उभा, मी आत खुर्चीवर.

इतकी वर्षं या गल्लीत राहिलो, पण ही माणसं मला ठाऊकच नव्हती. मी मजेत आहे.

आप्पा


१८ फेब्रुवारी

वहिनी,

आप्पांचं पत्र आलं. वाचून मी शाळेतून अर्धी रजा घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

‘माझ्या खोलीला आता दार उरलेलं नाही.’ केवढं वाक्य आहे हे! मी मुलांना भाषा शिकवते, मला कळतं माणूस असं केव्हा लिहितो ते. ‘कोण? मी. कुठून बोलताय? आतून.’ अगं, काळजाला चरे पडले. आपल्या माणसांत आणि आपल्यात एक भिंत उभी राहिली आहे, हेच ते सांगताहेत. आणि तू लिहितेस, पक्की व्यवस्था झाली आहे!

पण पुढचं जास्त गंभीर आहे. त्यांना माणसं दिसतात. एक बसड्रायव्हर दिसतो. एक नर्स त्यांचा हात धरून खिडकीबाहेर ओढते. बाळ्या रोज खिडकीतून आत येऊन आंघोळ करून जातो असं त्यांना वाटतं. मी हे पत्र इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, लवकर घेऊन या.

येत्या बुधवारी मी निघते. आप्पांचे कपडे भरून ठेव. वाद नको.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई,

डॉक्टरांना सांगा चष्मा परत घाला. सगळं खरं आहे! दार खरंच नाही. बसड्रायव्हर खरा आहे, चांगला अंगापिंडाने भरलेला आहे, रोज माझ्या हातचा चहा पितो. तुमचे भाऊ खरंच खिडकीतून आंघोळीला जातात. परवा जाताना त्यांचा टॉवेल खिळ्याला अडकला, तेव्हा सगळ्या गल्लीने पाहिलं. हवं तर साक्षीदार आणते.

मी लपवलं, कबूल. घरात राहू नका म्हणून तुम्ही बजावलं होतंत, आणि आम्ही राहून तुमच्या वडिलांना भिंतीत चिणलं, हे कोणत्या तोंडाने लिहिणार होते? म्हटलं दार होईल, मग हसत हसत सांगू. दार काही होईना. ओटा फोडायचा तर दगडाचे तुकडे होतील, खांब फोडायचा तर आपले होतील.

पण आप्पांना नेऊ नका. हे ऑफिसातून येतात ते मोबाइलमध्ये डोकं घालून. या घरात माझ्याशी बोलतं ते एक माणूस. आणि हल्ली तर इतके बोलतात! सकाळी ओट्याशी उभी असते तर भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येतो. मी आल्यापासून त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. ते गेले तर मी चिडायचं कोणावर आणि सांगायचं कोणाला?

फोनवर तुम्हाला ड्रिलच ऐकू येतं, म्हणून पत्र; ते तुम्ही निघायच्या आत पोचू दे, एवढीच इच्छा.

वहिनी


२७ फेब्रुवारी

जावईबापू,

आपली पत्नी सुखरूप आहे, हे आधी सांगतो, कारण पुढचा मजकूर वाचताना शंका येईल.

ती काल सकाळी येथे पोचली. गल्लीत वळताच तिला आपल्या जन्मदात्याच्या खिडकीत एक पाठमोरा इसम दिसला. अंगावर टॉवेल, तोंडात साबणाची डबी, अर्धा आत, अर्धा बाहेर. तिने ‘चोर, चोर’ असा पुकारा केला आणि हातातल्या छत्रीने सदर इसमाच्या बाहेरील भागावर सपासप वार केले. चोर साबण घेऊन कशाला येईल, हा विचार तिला सुचला नाही. इसमाने डबी सोडून ‘ताई, मी बाळ्या!’ असं ओरडेपर्यंत मार चालू होता. तो आज ऑफिसात उभ्याने काम करतो आहे.

मग तिने खिडकीबाहेर उभं राहून माझी उलटतपासणी घेतली.

‘आप्पा, मी कोण?’

‘चिमणी.’

‘आज वार कोणता?’

‘गुरुवार.’

तिने कपाळाला हात लावला. ‘बुधवार आहे हो, आप्पा!’ आणि तिचे डोळे भरून आले. त्यावर बसड्रायव्हर म्हणाला, ‘बाई, गुरुवारच आहे.’ शिंपीही म्हणाला, गुरुवार. ती बुधवारी निघाली होती, रात्र प्रवासात गेली, हे ती विसरली होती. त्यानंतर परीक्षा थांबली.

पण ‘मी तुम्हाला इथे एक क्षणही ठेवणार नाही’ म्हणत ती स्टुलावर चढली आणि खिडकीत अडकली. पर्स खांद्यातून काढायची राहिली होती. नर्सबाईंनी पाय धरले, मी हात धरले, आणि ड्रायव्हर मागे उभा राहून सूचना देत होता. ‘लेफ्ट घ्या, आणखी लेफ्ट, आता सरळ, येऊ द्या, येऊ द्या!’ मुख्याध्यापिकेला असं कोणी आत घेतलेलं मी प्रथमच पाहिलं. ती माझ्या पलंगावर येऊन पडली. ड्रायव्हरने बाहेरून, गाडी लावायला जागा करावी तशी, पलंगाजवळची खुर्ची थोडी सरकवायला सांगितली, आणि ती एकदम हसायला लागली. हसता हसता रडली. दोन्ही झाल्यावर तिने चहा मागितला.

दुपारी गल्ली शांत झाली तेव्हा म्हणाली, ‘आप्पा, चला ना माझ्याकडे. वरची खोली किती शांत आहे.’

मी म्हटलं, ‘शांतता मला इथेही होती, चिमणे. तुझी आई गेल्यापासून या खोलीत दुसरं होतंच काय? दार होतं तेव्हा ते दिवसातून दोनदा उघडायचं, चहाला आणि जेवायला. आता बघ.’

ती खिडकीतला पट बघत बसली. मग म्हणाली, ‘तुमचा हत्ती जातोय.’ खरंच जात होता.

ती आणखी काही दिवस राहणार आहे. आली होती मला नेण्यासाठी, राहते आहे ठेकेदाराला सरळ करण्यासाठी. आपण जेवणाचं बघून घ्यावं.

आपला,
आप्पा


२० मार्च

वहिनी,

सुखरूप पोचले. तुझं एकवीस फेब्रुवारीचं पत्र इथे टेबलावर पडून माझी वाट बघत होतं, माझ्या नावाचं म्हणून यांनी उघडलं नाही. आता वाचलं. आधी मिळालं असतं तर बाळ्याची पाठ वाचली असती. मलम लावतेस ना?

तुझ्यावर चिडायचं होतं, पण तुझ्याच सोफ्यावर, फ्रिजला टेकून झोपले तितके दिवस. आता काय चिडू. आप्पा भिंतीपलीकडून काहीबाही विचारतात, तू ओट्याशी पोळीसारखी फुगून उत्तरं देतेस, आणि दोघंही एकमेकांना नीट ऐकू न येता तासभर बोलत राहता. हे मी ऐकलं. माझ्या त्या वरच्या खोलीत त्यांना कोण असं ओरडून उत्तर देणार होतं?

कॉन्ट्रॅक्टर पुन्हा सैल पडला तर त्याला माझा प्रश्न विचार. ‘होऊन जाईल’ म्हणाला की म्हणायचं, ‘या वाक्यात कर्ता कुठे आहे?’ मी विचारलं तेव्हा तो इकडेतिकडे बघायला लागला, त्याला वाटलं कर्ता म्हणजे गवंड्याचा कोणी माणूस. पण दुसऱ्या दिवशी ‘मी करतो’ म्हणाला. माझ्या सगळ्या नोकरीत इतक्या कमी वेळात व्याकरण कोणी शिकलं नाही.

तर ठरल्याप्रमाणे, खिडकीखालची भिंत जमिनीपर्यंत कापायची आणि तिथेच गल्लीत उघडणारं दार करायचं. इंजिनिअरने समोर उभं राहून होकार दिलाय, तरी त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घे. पायरी बुटकी हवी, बाजूला धरायला कठडा, वर पावसासाठी पत्रा. आणि ओट्याच्या वर भिंतीत ताट जाईल एवढी खिडकी. तिला झडप नको. रात्री ते खोकले तरी तुला ऐकू आलं पाहिजे.

वरच्या खोलीत आता हे चित्रं काढायला बसतात. मी म्हटलं, एवढ्यात कधी सुचलं? म्हणाले, तू तिकडे होतीस तेव्हा घर फार शांत होतं, कसं होतं ते सांगता येत नाही म्हणून चित्र काढतोय. यांच्याशी काय बोलणार.

ताई


११ एप्रिल

चिमणे,

दार झालं. सूनबाई तुला सविस्तर लिहिणारच आहे, पण ती ओट्यावरच्या खिडकीतून माझ्याशी बोलण्यात इतकी गुंतलेली असते की तिला पत्राला वेळ होईलसं वाटत नाही. माझा चष्मा कपाळावरच राहिला तर ती सांगते, तिचं दूध उतू चाललं तर मी सांगतो. टाइल्स बदलायच्या का, असंही काल विचारलं. मी यंत्र काढलं, तर तिने खिडकीतून हात घालून पुन्हा कानात बसवलं.

परवा पहिल्यांदा मी त्या दारातून बाहेर पडलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. शिंप्याच्या दुकानात बसलो, त्याने माझ्या सदऱ्याची बाही न विचारता उसवून नीट बसवली. येताना नर्सबाईंनी हटकलं, एवढं चाललात, आता रक्तदाब बघू द्या. ड्रायव्हर आता आत येऊन खुर्चीवर बसून खेळतो. बसून खेळायला लागल्यापासून तो हरतो. म्हणतो, उभ्याने डोकं चालायचं.

बाळ्या आंघोळीला दारातून येतो. त्यांचं बाथरूम होऊन आठवडा झाला तरी तो इकडेच येतो आणि आंघोळीनंतर माझ्या पलंगावर पाच-दहा मिनिटं बसतो. फार काही बोलत नाही. मोबाइल मात्र तिकडे ठेवून येतो.

एक घोटाळा झालेला आहे, तो तुझ्या कानावर घालतो, म्हणजे दुसऱ्याकडून कळून तू गाडीत बसणार नाहीस. ठेकेदाराने दार उलटं बसवलं. कडी बाहेरून आहे, आतून काहीच नाही. म्हणजे मला आतून दार लावता येत नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही उघडता येतं. सूनबाईने त्याला धारेवर धरलं. तो हातोडा घेऊन आला आणि म्हणाला, ‘मी चुकलो, मी बदलतो.’ कर्ता, क्रियापद, सगळं होतं. मीच नको म्हटलं. रात्रीपुरता एक अडसर लावून घेतलाय, तेवढा पुरे. दिवसा असू दे तसंच.

इथेच थांबतो. कोणीतरी आत येतंय.

आप्पा